उजनीच्या काठावर स्वतःची बोट नेताना: धक्क्यावरचे नियम आणि रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या चौघा मित्रांनी मिळून एक सेकंडहँड फायबरची बोट घेतलीय, चौदा फुटी, मागं छोटं आऊटबोर्ड इंजिन, आणि येत्या रविवारी करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला नेऊन एका गावच्या धक्क्यावरनं पाण्यात सोडायचा विचार आहे. तिथले नियम काय, परवानगी कुणाची, कसं वागायचं, आणि शेवटी एक वाक्य जोडलंय की पाणी तर सरकारचं आहे, मग गावातलं कोण अडवणार.

मी त्या शेवटच्या वाक्यापासनंच सुरू करतो कारण भांडणं तिथनंच सुरू होतेत. पाणी सरकारचं, बरोबर आहे, धरण कृष्णा खोरे महामंडळाचं, जलसंपदा खात्याचं. पण ज्या पन्नास फूट काठावरनं तुम्ही बोट उतरवणार आहात तिथं कुणीतरी पहाटे चारपासनं जाळी सोडवत बसलेलं असतंय, कुणाची लाँच पलीकडच्या तीरावरनं शाळेची पोरं आणि मोटरसायकली घेऊन येणार असते, आणि मासळी न्यायला बर्फाची पेटी घेऊन पिकअप उभी असते. त्यांच्या दृष्टीनं तो काठ म्हणजे कामाची जागा. मी बरीच वर्षं उजनीवर लाँच चालवली, आता इंजिनं दुरुस्त करतो आणि नवीन पोरांना बोट शिकवतो, त्यामुळं दोन्हीकडची बोलणी माझ्या कानावर पडतेत. अडवायचा अधिकार गावाला आहे का नाही हा वाद घालत बसलात तर तुमची बोट दुपारपर्यंत ट्रॉलीवरच राहील एवढं नक्की.

आता धक्का म्हणजे काय ते आधी समजून घ्या. मुंबईसारखी सिमेंटची जेट्टी असलं काही डोक्यात आणू नका, इथं जिथं पाणी तिथं धक्का. धरण फुल्ल भरलं, म्हणजे ४९६.८३ मीटर पातळी झाली, की होड्या पार उसाच्या फडाला येऊन टेकतेत, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की तोच काठ कुठल्या कुठं आत जातो. सोलापूरकरांना मायनस शब्द पाठ आहे पण हिशोब बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सांगतो, एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, राहिला ५३-५४ चा जिवंत साठा, आणि टक्केवारी या जिवंत साठ्यावर काढतेत म्हणून आकडा शून्याच्या खाली जाऊ शकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो मायनस ६० च्या घरात गेला होता. याचा तुमच्याशी संबंध असा की धक्का वर्षभर सरकत असतो, मग नियमांचा बोर्ड लावणार कुठं. नियम लोकांच्या डोक्यात असतेत. दिवाळीत जिथनं बोट अलगद उतरली तिथं फेब्रुवारीत गुडघाभर गाळ असतो आणि एप्रिलमध्ये जुन्या गावठाणाची भिंत वर आलेली असते. म्हणून दर खेपेला विचारायचं, मागच्या वेळी इथनंच सोडली होती हे कारण चालत नाही.

विचारायचं कुणाला, तर जाळं विणत बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. आणि 'ए होडीवाले' अशी हाक मारू नका. मामा म्हणा, दादा म्हणा, आपल्या सोलापुरी पद्धतीनं मालक म्हणा. गाडी लांब लावून चालत जायचं, 'मामा, आमची छोटी बोट आहे, कुठनं उतरवली तर तुम्हाला अडचण होणार नाही' एवढं विचारलं तरी निम्मं काम होतंय. तो माणूस तुम्हाला जागा दाखवतो, वर खाली काय काय आहे तेही सांगतो, आणि ते कुठल्याच नकाशात सापडत नाही.

कागदपत्राचं उरकून घेऊ. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ आल्यापासनं इंजिन लावलेल्या बोटीला रजिस्ट्रेशन आणि सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, लागते, महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्ड बघतं. आपली हौसेची बोट आहे, धंदा करत नाही, म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका, बोर्डाकडं अर्ज करून विचारा, सेकंडहँड घेतलीय म्हणजे आधीच्या मालकाचे कागद आधी मागून घ्या. पैसे घेऊन माणसं बसवायची असतील तर तो वेगळाच विषय झाला, त्याच्या भानगडीत लायसन नसताना पडूच नका, पेट्रोलपुरते शंभर रुपये घेतले हे पण त्यातच येतं. गळ टाकायचा किंवा जाळं लावायचं असेल तर मासेमारीचा परवाना वेगळा. आणि भीमानगरच्या बाजूला धरणाच्या भिंतीकडं, त्या ४१ दरवाज्यांच्या आसपास बोट नेणं बंद म्हणजे बंद, तिथं गेलात तर समजावून सांगत बसणार नाहीत.

आता धक्क्यावरची रीत. कामाच्या बोटीला आधी वाट, हे एक पक्कं धरलं की बाकीचं आपोआप जमतं. भरलेली लाँच येत असेल तर तुम्ही बाजूला थांबा, हात दाखवून 'येऊ द्या' म्हणा. ती लाँच गाडीसारखी ब्रेक मारून थांबत नाही, चालवणारा लांबूनच इंजिन कमी करतो आणि वेगावर घसरत काठाला लावतो, त्या शेवटच्या टप्प्यात त्याला वळताही येत नाही. त्याच वेळी तुमची बोट समोर आडवी तरंगत असली आणि तुम्ही इंजिनची दोरी ओढत असलात तर तो काय करणार? म्हणून बोटीत सामान भरणं, जॅकेट घालणं, पेट्रोल ओतणं, सेल्फी, सगळं काठावर बाजूला उरकून घ्यायचं आणि पाण्यात उतरवली की लगेच जागा मोकळी करायची. दुसऱ्याच्या खुंटीला दोर बांधू नका, दोन मिनिटांसाठी पण नको. काठावर वाळत घातलेल्या जाळ्यावरनं चालू नका, ट्रॉली तर अजिबात फिरवू नका. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसतेत तेवढीच जमीन घट्ट असं समजा, चाकोरी सोडून स्कॉर्पिओ पाण्यापर्यंत नेणारे दरवर्षी भेटतेत आणि मग त्यांना ओढायला त्याच गावचा ट्रॅक्टर लागतो.

होडीत चढताना लोक गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यात बसावं तसं एकदम उड्या मारतेत. एकानं बोट धरायची, एक एक जण मधोमध पाय ठेवून, वाकून, बसूनच पुढं सरकायचं. जड माणूस आणि पेट्रोलचा कॅन दोघं मागच्या टोकाला बसले तर इंजिनच्या बाजूनं पाणी आत येतं. माणसं चढउतार करताना इंजिन बंद. हाताला बांधायची लाल दोरी असते इंजिनला, ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती दोरी जवळजवळ सगळेजण हँडललाच गुंडाळून ठेवतेत. चालवणारा पाण्यात पडला आणि बोट त्याच्याभोवती गोल फिरायला लागली की इंजिनचा पाण्यातला पंखा काय करतो ते मी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

आणखी एक, हे खास कार चालवणाऱ्यांसाठी. रस्त्यावर आपण डावीकडनं चालतो. पाण्यावर उलटं आहे, दोन मोटरबोटी समोरासमोर आल्या की दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं, जगभर हाच नियम. त्यात आऊटबोर्डचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते. म्हणजे घाबरलेल्या नवीन माणसाचा हात आणि डोकं दोन्ही चुकीच्या दिशेला जातेत. मोकळ्या पाण्यात अर्धा तास नुसतं हेच घोटवा. आणि समोरचा मामा वल्हं मारत येतोय त्याला हा नियम माहीत असेलच असं नाही, त्यामुळं लांब असतानाच ठळक वळा, म्हणजे तुम्ही कुठं चाललाय ते त्याला दिसेल. वल्ह्याच्या होडीला आणि जाळं ओढणाऱ्याला तर तुम्हीच चुकवायचं, त्यांनी तुम्हाला नाही. काठापासनं शंभर-दीडशे मीटरच्या आत एकदम हळू. तुमच्या लाटेनं काठावरच्या पत्र्याच्या होड्या एकमेकींवर आपटतेत, आणि जाळं ओढायला उभी राहिलेली बाई तोल जाऊन पडू शकते. उजनीवर नवरा-बायको मिळून मासेमारी करणारी खूप कुटुंबं आहेत, एकजण वल्हवतो, एकजण जाळं घेतो, होडी एवढीशी असते.

जाळ्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त राडा यावरनं होतो. इथं जाळी संध्याकाळी लावतेत आणि पहाटे काढतेत, दिवसासुद्धा काही ठिकाणी असतेत. खुणेला काय, तर थर्माकोलचा तुकडा नाहीतर रिकामी पाण्याची बाटली. लांबनं बघितलं तर कचराच वाटतो. एकदा शहरातनं एक ग्रुप आला होता स्वच्छता करायला, चांगली पोरं होती, काठ साफ केला आणि मग उत्साहात टायरची ट्यूब घेऊन पाण्यातल्या बाटल्या पण गोळा करायला लागली. चार बाटल्या पोत्यात गेल्यावर गावातनं आरडाओरडा सुरू झाला, कारण बाटली गेली की खालचं जाळं कुठं आहे ते मालकाला पण सापडत नाही. म्हणून तरंगणारी बाटली दिसली, त्यातही ओळीत दोन-तीन दिसल्या, तर त्या रेषेला लांबनं वळसा. पंखा जाळ्यात गेलाच तर इंजिन बंद करा, वर उचला, आणि जाळं जसं गुंडाळलं गेलं त्याच्या उलट हातानं सोडवत बसा. सुरी काढायची घाई नको. कापावं लागलंच तर दोन्ही टोकं एकमेकांना बांधून ठेवा आणि काठावर येऊन जाळं कुणाचं ते विचारून पैसे देऊन टाका, आपणहून. लपवून गेलात तर पुढच्या खेपेला तुमच्या बोटीचा रंग सगळ्या गावाला पाठ असणार. आणि हो, एकदम बारीक भोकांच्या जाळीनं, वडाप म्हणतेत ते जाळं टाकून माशांची पिल्लं उपसणारे पण उजनीवर आहेत, ते बेकायदा आहे आणि साध्या मच्छीमारांचाच त्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे, पण ते तुम्ही जाऊन पकडायचं काम नाही, कळवायचं असेल तर परवाना देणाऱ्या खात्याला कळवा.

यापेक्षाही मला भीती वाटते ती केबलची. पाणी आत गेलं की शेतकरी मोटारी पुढं पुढं सरकवतेत, पाईप जोडतेत, केबल वाढवतेत. काठाला नीट बघा, काळ्या केबली पाण्यात गेलेल्या दिसतील, जागोजागी जोड, जोडाला चिकटपट्टी आणि वरनं प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, कुठं बांबूच्या टेकूवर, कुठं सरळ पाण्यावर पडलेली. नांगर टाकलात आणि तो केबलला अडकून वर आला तर हातानं सोडवायला जाऊ नका. आत्ता लाईट नाही हे कुणी सांगितलं तरी नको, शेतीची थ्री फेज पाळीनं येते आणि येताना सांगून येत नाही. दोर सोडून द्या, नांगर गेला तर गेला, खूण लक्षात ठेवा आणि मोटारवाल्याला जाऊन सांगा, तो स्टार्टरवरनं बंद करून तुमचा नांगर काढून देईल. मोटारी असतील त्या पट्ट्यात नांगर टाकायचाच नाही आणि पोहायला उतरायचं नाही हे सगळ्यात सरळ. शिवाय पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती, विहिरी, वाळलेल्या बाभळी आहेत. साठा कमी असताना त्या दिसतेत म्हणून चुकवता येतेत, खरी अडचण पाणी त्यांच्यावर फूट-दीड फूट असतं तेव्हा.

वाऱ्याचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून पलीकडच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, एक पोलीस अधिकारी पोहून बाहेर आला, बाकीच्यांना शोधायला एनडीआरएफ आलं. लोकांना तिथनं का जावं लागतं हेही समजून घ्या, इंदापूर पाण्यापलीकडं समोर दिसतं पण रस्त्यानं टेंभुर्णीवरनं नाहीतर भिगवणवरनं लांबचा वळसा पडतो. म्हणून तर शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी इतकी वर्षं होती. त्यांना गरज होती, तुम्हाला गरज नाही, हा फरक डोक्यात ठेवा, आणि वळवाच्या दिवसांत, एप्रिलपासनं जूनपर्यंत, दुपारी दोननंतर पाण्यावर राहू नका. सकाळी आरशासारखं पाणी असतं म्हणून फसू नका. आभाळ एका बाजूनं काळं व्हायला लागलं, वारा एकदम पडला, मग गार झुळूक आली, की त्याच्यामागं जे येतं ते यायला फार वेळ लागत नाही, आणि उजनीची रुंदी अशी आहे की लाट वाढायला भरपूर जागा मिळते. त्या वेळी मूळ धक्का गाठायचा हट्ट करायचा नाही, जवळचा जो काठ दिसेल त्याला लावायची, मग तो इंदापूर तालुका असो नाहीतर नगरकडचं कर्जत, हे तीन जिल्ह्यांचं पाणी आहे, कुणी परत पाठवत नाही. लाट बोटीच्या कुशीवर घेऊ नका, पुढच्या टोकावर थोडी तिरकी घ्या, सगळ्यांना खाली तळाला बसवा. उलटलीच तर बोट सोडू नका. काठ जवळ वाटतो, पोहत जाऊ असं वाटतं, पण बोट तरंगत असते आणि शोधणाऱ्याला ती आधी दिसते.

निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, येताना वारा पाठीवर असावा, म्हणजे इंजिन रुसलं तरी वारा तुम्हाला घराकडं आणतो. पेट्रोलचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक हात लावायचा नाही. वल्ही दोन हवीतच. चौदा फुटी बोटीत चौघंच, पाचवा 'फक्त फोटोपुरता' नको, आणि सगळे बसल्यावर बोटीचा काठ पाण्याच्या वर हातभर तरी दिसला पाहिजे, वीतभरच दिसत असेल तर एकाला उतरवा. लाईफ जॅकेट अंगात, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. घातल्यावर दुसऱ्यानं खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघायचं, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरनं निघून जातं. दारू पिऊन बोट नाही, यावर चर्चा पण नाही. अंधार पडायच्या आत बाहेर, कारण मच्छीमारांच्या होडीला दिवा नसतो, फार तर एक बॅटरी.

तेलाचं आणि कचऱ्याचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला लागू नये. काही दिवसाआड नळाला जे पाणी येतं आणि ज्याच्यासाठी रात्री उठून मोटार लावतो ते बहुतेक याच धरणाचं आहे. वरनं पुणे-पिंपरीकडनं जे येतं ते आपल्या हातात नाही, पण आपलं टू-स्ट्रोकचं ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचं काम काठापासनं लांब, खाली ट्रे ठेवून करता येतं. बोटीच्या तळातलं तेलकट पाणी डब्यानं उपसून धरणात फेकू नका, फडक्यात टिपून घरी आणा. हुरड्याच्या सीझनमध्ये पत्रावळ्या आणि ग्लासांचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय.

पक्ष्यांचं थोडक्यात, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतेत, भिगवण, कुंभारगावकडं जास्त, आपल्या बाजूला पण उथळ पाण्यात दिसतेत. उडत्या थव्याच्या रीलसाठी बोट त्यांच्या अंगावर घालू नका, ते उडाले म्हणजे तुम्ही खूप जवळ गेलाय. ड्रोनचं पण तेच, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायकांवर ड्रोन फिरवला तर पुढं जे होईल त्याला मी जबाबदार नाही.

कुणी म्हणेल एवढे नियम उजनीलाच का, कोकणात तर आम्ही बिनधास्त फिरतो. कोकणातली रीत याहून कडकच आहे, आपल्याला ती कळत नाही एवढंच. हर्णे बंदरात मासळी बैलगाडीतनं काठावर येते आणि तिथंच लिलाव चालतो, आपली मंडळी लिलावाच्या मधोमध उभी राहून पापलेटबरोबर फोटो काढतेत. त्या पाच मिनिटांत कुणाचातरी भाव पडत असतो. समुद्रावर पावसाळ्यात इंजिनच्या बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात 'आम्हाला जरा आत नेऊन आणा' म्हणून पैशाचा आग्रह करणारे पण आपलेच.

माझं ऐकाल तर या रविवारी बोट नेऊच नका. जेऊरवरनं चिखलठाण, कुगावच्या बाजूला मोटरसायकलवर जा, सकाळी सहाच्या आत पोचा, चहा घेत दोन तास नुसतं बघा कोण कुठनं येतं, कुठं लावतं, बाटल्या कुठं आहेत, केबली कुठं. सुरू असेल तर तिकीट काढून लाँचनं पलीकडं जाऊन या, चालवणाऱ्याच्या शेजारी बसा. धक्क्यावरच्या एखाद्याचा मोबाईल नंबर घ्या आणि पुढच्या खेपेला निघताना त्याला सांगा की चौघं आहोत, अमुक वाजता परत येणार. घरी पण हेच सांगा. वेळ टळली तर तो ११२ ला फोन करेल, आणि त्याच्या आधी स्वतःची होडी काढेल.

बाकी, इंजिन किती एचपीचं आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि बोटीच्या मागच्या फळीचा फोटो पण नाही. जुन्या फायबरला ती फळी आतनं कुजलेली असते आणि बाहेरनं रंग मारलेला असतो, इंजिन लावून वर-खाली हलवून बघा, फळी लचकली तर आधी ते काम करून घ्या. फोटो आणि एचपी पाठवा म्हणजे पुढचं सांगतो.